उवा आणि खूप खाली गेलेलं हिमोग्लोबिन : कुठून सुरुवात करायची, काय तपासायचं, काय टाळायचं

महिनोन्‌महिने डोक्यात उवा, चेहरा पांढराफटक आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ५ किंवा ६. असं झालं की लगेच दोन मतं पडतात. कुणी म्हणतं उवांनीच सगळं रक्त प्यायलं, आधी डोकं साफ करा. कुणी म्हणतं उवांनी कुठं एवढं रक्त कमी होतं का, उवांचं नंतर बघू. यातलं कुठलंही एक धरून चाललात की फसलात. माझं म्हणणं असं की हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं, तेव्हा उवांचा आणि लोहाचा उपचार बरोबरच सुरू करायचा, पण "कारण सापडलं" म्हणून बाकीचा शोध थांबवायचा नाही.

पहिलं काम : हे घरी सांभाळण्यासारखं आहे का?

हिमोग्लोबिन हळूहळू, महिनोन्‌महिने उतरत गेलं असेल तर शरीर त्याची सवय करून घेतं. हृदय जास्त जोरात काम करतं, माणूस नकळत हालचाल कमी करतो, जिने टाळतो, मूल खेळायचं सोडून एका जागी बसतं, त्यामुळे ४-५ हिमोग्लोबिनवाला माणूससुद्धा चालताबोलता दिसतो. म्हणून "फिरतोय ना, मग ठीक आहे" हा निकष धरू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ५ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांच्यात डेसिलिटरमागे ७ ग्रॅमच्या खाली, आणि बाकी सगळ्यांत ८ च्या खाली हिमोग्लोबिन गेलं की त्याला तीव्र ॲनिमिया म्हणतात. एवढं कमी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. आणि बसल्या जागी धाप लागतेय, आडवं झालं की श्वास अडकतोय, पायावर सूज, छातीत दुखतंय, चक्कर येऊन पडणं, शांत बसूनही धडधड थांबत नाही, किंवा तान्हं बाळ दूध पिता पिता दमून थांबतंय, घामाघूम होतंय, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. आधी डोकं साफ करून मग नेऊ, लोक काय म्हणतील, हा विचार बाजूला ठेवा, तिथल्या लोकांनी उवा पाहिलेल्या असतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. बोटाला ऑक्सिमीटर लावून ९८-९९ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ते यंत्र असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय ते दाखवतं, मुळात हिमोग्लोबिन किती आहे हे त्याला कळतच नाही. ४ हिमोग्लोबिनवरही ते ९९ दाखवू शकतं.

रक्त चढवायचं की नाही हे फक्त आकड्यावर ठरत नाही, त्रास किती आहे त्यावर पण ठरतं. चढवलं तर सावकाश आणि थोडं थोडं चढवतात, कारण आधीच ताणलेल्या हृदयावर एकदम जास्त भार पडला तर फुफ्फुसात पाणी भरू शकतं. त्यामुळे "एवढं कमी आहे मग भराभर दोन-तीन पिशव्या का नाही लावत" म्हणून नर्सशी भांडू नका.

उवा खरंच एवढं रक्त पितात का?

याचा हिशोब लोकांनी खरोखर केलाय. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शाळकरी मुलांच्या डोक्यातल्या उवा घेतल्या, रक्त पिण्याआधी आणि प्यायल्यानंतर त्यांचं वजन केलं आणि फरक काढला. मोठी मादी एका वेळी साधारण ०.०००१६ मिलि रक्त पिते, नर आणि पिल्लं त्याहून कमी. डोक्यात ३० उवा असतील आणि त्या दिवसातून तीनदा पीत असतील तर दिवसाला ०.००८ मिलि, म्हणजे काहीच नाही. पण त्याच अभ्यासात सगळ्यात जास्त उवा असलेल्या मुलाचाही हिशोब आहे. त्याच्या डोक्यात २६५७ उवा होत्या, म्हणजे दिवसाला ०.७ मिलि आणि महिन्याला जवळजवळ २१ मिलि.

२१ मिलि म्हणजे किती? पाळीत महिन्याला सरासरी ३०-४० मिलि रक्त जातं, त्याच्या निम्म्याच्या वर. १ मिलि निरोगी रक्तात अंदाजे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. अशा मुलाचं रोज पाव ते एक तृतीयांश मिलिग्रॅम लोह जाणार, आणि लहान मुलाला दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास लोह आतड्यातून मिळवावं लागतं. खाणं चांगलं असेल तर एवढी तूट भरून निघेलही, पण खाणं तुटपुंजं असेल आणि हे वर्षभर चालू असेल तर साठा संपतो.

शिवाय खाजवून खाजवून टाळू सोलवटते, पू होतो, त्यातून रक्त-पाणी झिरपतं. आणि संसर्ग सतत चालू असला की यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं, ते आतड्यातून येणारं लोह अडवतं. म्हणजे जातंय पण आणि येत पण नाही.

मग निष्कर्ष काय, तर पाच-पंचवीस उवा असलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन ६ असेल तर त्याचं खापर उवांवर फोडू नका, कारण दुसरीकडे आहे. केस उचलल्याबरोबर उवांची रांगच्या रांग पळताना दिसत असेल, जटा झाल्या असतील, वर्षभर हेच असेल, तर उवांचा वाटा खरा धरा. तीव्र ॲनिमियाच्या अशा केसेस वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, पण त्यात बहुतेक वेळा खाण्याची आबाळ किंवा दुसरा काहीतरी रक्तस्राव जोडीला असतोच.

उवा कशा बघायच्या

कोरड्या केसात वरवर बघून निम्म्या उवा सुटतात, त्या उजेड पडला की पळतात. केस ओले करा, भरपूर कंडिशनर लावा, गुंता मोठ्या कंगव्याने सोडवा, मग बारीक दातांची फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढा आणि दर वेळी पांढऱ्या टिश्यूवर पुसा. तिळाएवढी, २-३ मिमीची, तपकिरी-राखाडी आणि पाय हलवणारी असेल तर ती ऊ. कानामागे आणि मानेवर, केस सुरू होतात तिथे जास्त सापडतात.

लिखा केसाला एका बाजूला चिकटलेल्या असतात, कोंड्यासारख्या झटकून पडत नाहीत, नखाने ओढाव्या लागतात. टाळूपासून साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असलेल्या लिखा जिवंत असण्याची शक्यता जास्त. केस वाढत गेला तशा लांब गेलेल्या पांढऱ्या लिखा बहुधा रिकामी टरफलं असतात, त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा औषध लावू नका.

डोकं साफ आणि अंगाला मात्र खाज, कंबरेवर-खांद्यांवर ओरखडे, असं असेल तर कपडे उलटे करून शिवणी बघा. अंगावरच्या उवा कपड्यात राहतात आणि फक्त प्यायला अंगावर येतात. त्यांच्यामुळे ट्रेंच फीव्हर, टायफस असे ताप पसरू शकतात, त्यामुळे तिथे ताप असेल तर डॉक्टरांना उवांचं नक्की सांगा. डोक्यातल्या उवांमुळे हे आजार सहसा होत नाहीत.

मानेमागे गाठी, टाळूवर पिवळी खपली, वास, ताप असेल तर संसर्ग झालाय, अँटिबायोटिक लागेल. अशा उघड्या जखमांवर स्वतःच्या मनाने उवांचं औषध चोपडू नका.

कुठल्या टेस्ट मागायच्या

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पेरिफेरल स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), फेरिटिन आणि सीआरपी (अंगात संसर्ग किंवा दाह आहे का ते सांगणारी), एवढ्यात बरंच कळतं. लोहाची कमतरता असेल तर एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) जास्त आणि स्मिअरमध्ये पेशी लहान आणि फिक्या. फेरिटिन म्हणजे साठा. मोठ्यांत १५ च्या खाली आणि ५ वर्षांखालच्या मुलांत १२ च्या खाली असेल तर साठा संपलाय. पण संसर्ग चालू असेल तर फेरिटिन खोटं वाढतं, आणि डोक्यात पू झालेल्या माणसात नेमकं हेच होतं. म्हणून सीआरपी सोबत करायचं. सीआरपी वाढलेलं असेल तर मोठ्यांत ७० आणि लहानांत ३० च्या खालचं फेरिटिन सुद्धा कमीच धरतात. "फेरिटिन ४५ म्हणजे नॉर्मल" असं लॅबच्या कागदावर छापलेलं बघून गोळ्या बंद केलेली माणसं असतात, ती इथेच चुकतात.

पेशी लहान आहेत पण लाल पेशींची संख्या भरपूर आहे असं असेल तर थॅलेसेमिया मायनर (आई-वडिलांकडून आलेला सौम्य रक्तदोष) असू शकतो. एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्याने (दशलक्षांत) भागा, उत्तर १३ च्या खाली आलं तर डॉक्टरांना थॅलेसेमियाबद्दल विचारा. हा फक्त इशारा आहे, निदान नाही.

सॅम्पल गोळ्या सुरू करायच्या आधी द्यायचं.

आता डोकं : औषध आणि फणी, दोन्ही

जटा झाल्या असतील तर केस कापणं हाच शहाणपणाचा मार्ग, पण ज्याचे केस आहेत त्याला विचारून. मुलीचे केस तिला न सांगता भादरणं हा उपचार नाही, ती शिक्षा होते, आणि पुढच्या वेळी ती डोक्याला हात लावू देणार नाही. पूर्ण टक्कल करायची गरज नसते, फणी फिरेल एवढे आखूड पुरतात. खाली जुनी पांढरी चादर, कापलेले केस लगेच पिशवीत घालून गाठ, चादर तशीच गुंडाळून गरम पाण्यात.

औषधात सहसा पहिलं नाव परमेथ्रिन १ टक्का लोशनचं. केस साध्या शाम्पूने धुवायचे, त्या दिवशी कंडिशनर लावायचा नाही कारण त्याने औषध केसाला धरत नाही. टॉवेलने टिपून ओलसर केसांवर मुळापासून टोकापर्यंत लावायचं, कानामागे आणि मानेवर विसरायचं नाही, १० मिनिटांनी धुवायचं. डोळ्यांवर कापड धरा. नंतर एक-दोन दिवस केस धुऊ नका. अंड्यांवर याचा पुरता परिणाम होत नाही आणि अंडी साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून ९ व्या दिवसाच्या आसपास दुसरा डोस लागतोच. दुसरा डोस न देणं हे उवा पुन्हा होण्याचं सगळ्यात साधं कारण आहे, आणि लोक म्हणतात औषध नकली होतं.

अर्थात औषधाला न जुमानणाऱ्या उवा पण आता खूप ठिकाणी आहेत. ८ ते १२ तासांनी विंचरून बघा. काही मेल्यात, काही लडखडतायत, तर काम चाललंय. सगळ्या पहिल्यासारख्याच पळतायत, तर तेच औषध परत लावण्यात अर्थ नाही, बदलून घ्या. डायमेथिकोन हा चांगला पर्याय, तो विष म्हणून काम करत नाही, उवेवर थर देऊन तिला संपवतो, त्यामुळे रेझिस्टन्सचा प्रश्न कमी. खूपच जास्त उवा असतील तर डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात, वजनाच्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, ७ ते १० दिवसांच्या अंतराने दोनदा. १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत. २ वर्षांखालच्या बाळाला कुठलंही औषध लावण्याआधी विचारा.

रॉकेल, पेट्रोल, शेतातलं किंवा झुरळांचं कीटकनाशक, जनावरांचं औषध, यातलं काहीही नाही. रॉकेलने भाजलेली मुलं असतात आणि सोललेल्या टाळूतून विष अंगात जास्त जातं. लिंडेन (उवांचं जुनं औषध) पण नको, मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात.

औषध लावलं तरी फणी सुटत नाही. पहिला, पाचवा, नववा, तेरावा दिवस ओले केस विंचरायचे आणि सतराव्या दिवशी एकदा तपासायचं. केसांचे चार भाग करा, एकेका भागातून बोटभर जाडीची बट घ्या, झाली की क्लिपने बाजूला. लांब दाट केसांना अर्धा-पाऊण तास लागतो, मान अवघडते, हिमोग्लोबिन ६ वाला माणूस तर एवढा वेळ सरळ बसूच शकत नाही, त्याला आडवं करून डोकं कडेला घेऊन दोन-तीन टप्प्यांत करा.

घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघायची, ज्यांच्यात जिवंत ऊ सापडेल त्यांनाच औषध. उवा उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागून जातात. माणसापासून सुटलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, त्यामुळे गाद्या जाळायची, घरभर स्प्रे मारायची गरज नाही. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशांचे अभ्रे, टॉवेल, टोप्या गरम पाण्यात धुवा, बस. अंगावरच्या उवा असतील तेव्हा मात्र कपडे-पांघरूण हाच खरा उपचार, ६० अंशांच्या पाण्यात.

लोह : डोस वाचता आला पाहिजे

सगळा गोंधळ "मिलिग्रॅम" या शब्दात आहे. गोळीवर फेरस सल्फेट ३२५ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर त्यात शुद्ध लोह फक्त ६५ मिलिग्रॅम. फेरस फ्युमरेट २०० मध्येही तेवढंच. डॉक्टर जो डोस सांगतात तो शुद्ध लोहाचा. मुलांना बहुतेक वेळा किलोमागे ३ मिलिग्रॅम दिवसातून एकदा देतात, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ४५. मोठ्यांना ६० ते १०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, आणि मळमळ-बद्धकोष्ठ होत असेल तर दिवसाआड सुद्धा चालतं, कारण एक डोस घेतला की हेप्सिडिन वाढतं आणि लगेच घेतलेला पुढचा डोस कमी शोषला जातो. दिवसातून तीनदा घेऊन तिप्पट फायदा होत नाही, त्रास मात्र तिप्पट होतो.

सिरपमध्ये जास्त जपा. थेंब आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते, "जुनं संपलं, हे आणलं, तेवढंच दिलं" असं करायचं नाही, दर वेळी बाटलीवर ५ मिलिमध्ये किंवा १ मिलिमध्ये किती शुद्ध लोह आहे ते वाचून मिलि ठरवायचे. दात काळे होऊ नयेत म्हणून सिरप सिरिंजने जिभेच्या मागे द्या, वर पाणी पाजा. शी काळी होणार, घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल तर ते आतलं रक्त असू शकतं, ते दाखवा.

गोळी रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, सोबत लिंबासारखं काहीतरी आंबट. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीची औषधं यांच्यापासून किमान एक-दोन तास लांब. रिकाम्या पोटी सहनच होत नसेल तर थोडं खाऊन घ्या, न घेण्यापेक्षा ते बरं.

लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागल्या तर जीव जाऊ शकतो, लाल चकचकीत गोळ्या त्यांना खाऊ वाटतात. कुलूपबंद ठेवा. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न बघता हॉस्पिटल.

मूल खूपच कुपोषित असेल, हाडं दिसतायत किंवा पायावर सूज, तर लोह लगेच सुरू करत नाहीत. आधी संसर्ग आणि आहार स्थिर करतात, मग लोह. हे घरी ठरवायचं नाही. गोळ्या सहनच होत नाहीत किंवा वेळ कमी आहे तिथे शिरेतून लोह देतात, पण अंगात जोरदार संसर्ग चालू असताना ते थांबवतात, म्हणून डोक्यातला पू आधी बरा करायचा.

खाण्यातलं लोह साठा टिकवायला उपयोगी, ६ चे १२ करायला नुसतं खाणं पुरत नाही. मांस-मासळीतलं लोह सहज शोषलं जातं, डाळी आणि पालेभाज्यांतलं कमी, आंबट सोबत घेतलं तर जरा जास्त.

उवांच्या मागे आणखी काय आहे ते शोधा

पाळीत जास्त जातंय का, शौचातून रक्त, ॲसिडिटी-अल्सर, सारख्या अंगदुखीच्या गोळ्या, आतड्यात हुकवर्म (रक्त पिणारे जंत), सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार), लहान मूल दिवसभर नुसत्या दुधावर आहे का, हे सगळं विचारून घ्या. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या बायकांत लोह कमी निघालं तर उवा कितीही असोत, पोट-आतड्यांची एंडोस्कोपीची तपासणी टाळू नका, कधीकधी कॅन्सरची ती पहिली खूण असते. माती, खडू, बर्फ खायची ओढ हे कमतरतेचं लक्षण आहे, वाईट सवय म्हणून रागावू नका, लोह भरलं की बहुतेकांची आपोआप जाते.

आणि एक अवघड प्रश्न : एवढ्या उवा वर्षभर राहिल्या कशा? मोठ्या माणसात नैराश्य, विसरभोळेपणाचा आजार, डोक्यावर हात नेता न येणारे खांदे, एकटं राहणं. मुलात, घरी लक्ष द्यायला कुणी नसणं किंवा त्याहून वाईट. उलटही होतं, हिमोग्लोबिन इतकं कमी की केस विंचरायचं त्राणच उरत नाही, मग उवा वाढतात. "घाणेरडी" म्हणून हिणवलं की माणूस आणखी लपवतो. विचारायचं ते असं : शेवटचे केस धुतले कधी, कोण मदत करतं, झोप-जेवण कसं आहे. उत्तर ऐकून काळजी वाटली तर डॉक्टरांना किंवा सोशल वर्करला एकट्यात सांगा.

पुढचे महिने

७ ते १० दिवसांत नवीन पेशी वाढतात, रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी) मोजलं तर दिसतं, थकवा पण थोडा उतरतो. ४ आठवड्यांनी सीबीसी करा, हिमोग्लोबिन किमान १ ते २ ग्रॅम वाढलेलं हवं. वाढलं नसेल तर क्रमाने बघा : गोळी खरंच पोटात जातेय का, चहासोबत जातेय का, डोक्यात जिवंत उवा आहेत का, संसर्ग उरलाय का, रक्त दुसरीकडून जातंय का. हिमोग्लोबिन नॉर्मल झालं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, साठा भरायला त्यानंतर अजून साधारण ३ महिने लागतात. मग फेरिटिन करून थांबवा. त्यानंतरही काही महिन्यांनी एकदा सीबीसी करा, आणि डोकं साफ असूनही आकडा परत घसरला असेल तर उवांचा विषय तिथेच सोडून पोटाच्या डॉक्टरांकडे जा.